सुटकेचा दुसरा जिना : निवासी इमारती, वसतिगृहे आणि कायदा

शाळेच्या स्मरणिकेत आठवणी, सत्कार आणि कृतज्ञता यांना पहिले स्थान असते आणि ते योग्यही आहे. संपादक मंडळाने आम्हांस मात्र अभ्यासलेख लिहिण्यास सांगितले. इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकाकडून वाचकांची अपेक्षा बहुधा एखाद्या लढ्याच्या वृत्तांताची असेल. आम्ही निवडलेला विषय वरवर पाहता अभियंत्याचा किंवा वकिलाचा वाटेल : निवासी इमारतीस आग लागली असता आतील माणसांना बाहेर पडता यावे म्हणून कायदा काय सांगतो? परंतु या कायद्यालाही इतिहास आहे. तो प्रामुख्याने भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या गरिबांचा, कामगार स्त्रियांचा आणि वसतिगृहात झोपलेल्या मुलांचा इतिहास आहे.

विषय निवडण्यास आणखी एक कारण घडले. आपल्या वसतिगृहावर एक मजला चढविण्याचा प्रस्ताव सध्या संस्थेपुढे आहे. दर जूनमध्ये कितीतरी पालकांना जागा नाही म्हणून परत पाठवावे लागते. त्यांतील काही मुलांचे शिक्षण तेथेच थांबते, हे आम्ही जवळून पाहत आलो आहोत. माजी विद्यार्थ्यांनी निधी जमविण्यास आरंभ केला आहे. या प्रस्तावास आमचा मनापासून पाठिंबा आहे. मात्र सध्याच्या इमारतीस जिना एकच आहे. म्हणून मजला आधी की जिना आधी, हा प्रश्न आम्हांस सर्वांसमोर ठेवावयाचा आहे. त्याचे उत्तर शोधताना इतिहास व कायदा दोहोंची साक्ष काढणे उपयोगी ठरेल.

कायद्याचा उगम

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्क शहरात युरोपातून आलेल्या स्थलांतरितांची मोठी गर्दी झाली. त्यांच्यासाठी घरमालकांनी अरुंद भूखंडांवर पाच-सहा मजली इमारती उभ्या केल्या. तेथे त्यांना 'टेनेमेंट' म्हणत. मुंबईच्या वाचकांनी आपली चाळ डोळ्यांसमोर आणावी, मात्र चाळीचा मोकळा व्हरांडा त्यातून वगळावा. खोल्यांच्या मधोमध अंधारा लाकडी जिना असे, आणि वर जाण्याचा व खाली येण्याचा तोच एक मार्ग असे.

२ फेब्रुवारी १८६० रोजी एल्म स्ट्रीटवरील अशा एका इमारतीस आग लागली. जिन्याचा मार्ग बंद झाला आणि वरच्या मजल्यांवरील कुटुंबे अडकली. अग्निशामकांच्या शिड्या तेथवर पोहोचू शकल्या नाहीत. स्त्रिया आणि मुले मृत्युमुखी पडली. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला. आठांहून अधिक कुटुंबांसाठी बांधल्या जाणाऱ्या नव्या घरास एक तर आगीपासून सुरक्षित असा स्वतंत्र जिना असावा, किंवा प्रत्येक मजल्यास न जळणारे सज्जे असून ते जिन्याने एकमेकांस जोडलेले असावेत, असे त्यात सांगितले होते. इंग्रजी चित्रपटांत इमारतीच्या दर्शनी भिंतीवर जे लोखंडी सज्जे व जिने आपण पाहतो, त्या 'फायर एस्केप'ची कायदेशीर सुरुवात ही अशी झाली.

हा कायदा नव्या घरांपुरता होता. गरीब राहत होते ते जुन्या घरांत. १८६७ च्या टेनेमेंट हाउस कायद्याने तीन किंवा अधिक कुटुंबे स्वतंत्र चूल मांडून राहतात अशा प्रत्येक घरास सुटकेचा मार्ग आवश्यक ठरविला. परंतु तो मार्ग कोणत्या प्रकारचा असावा हे निरीक्षकाच्या मान्यतेवर सोडले. ही पळवाट घरमालकांच्या पथ्यावर पडली. पुष्कळ ठिकाणी भिंतीस सरळ उभी शिडी लावून कायद्याचे समाधान करण्यात आले. कडेवर मूल घेतलेली स्त्री किंवा वृद्ध मनुष्य अशा शिडीवरून उतरू शकत नाही, ही बाब मान्य होण्यास आणखी तीन दशके लागली. १९०१ च्या कायद्याने उभ्या शिडीऐवजी उतरता जिना असलेले लोखंडी सज्जे आवश्यक केले आणि देखरेखीसाठी शहरात स्वतंत्र टेनेमेंट हाउस विभाग निर्माण केला.

तरीही लोकांनी या सज्ज्यांवर पेट्या ठेवल्या, कपडे वाळत घातले, उन्हाळ्यात अंथरुणे पसरली. एका खोलीत आठ-दहा माणसे राहत असतील तर असे होणारच. त्यासाठी रहिवाशांना दोष देणे सोपे आहे. परंतु घर पुरेसे नसले की सुटकेचा मार्गच घर होऊन बसतो, हा बोध आपल्याकडील चाळी, वसाहती आणि वसतिगृहे यांनाही लागू पडतो. पुढे १९६८ च्या इमारत संहितेनंतर न्यूयॉर्कमध्ये नव्या इमारतींना असे उघडे लोखंडी जिने लावण्याची पद्धत मागे पडली आणि भिंतींनी बंदिस्त केलेल्या, धूर न शिरणाऱ्या जिन्यांवर भर आला.

कुलूप लावलेले दार

याच शहरातील दुसरी घटना निवासी इमारतीतील नाही, तरी ती सांगितल्याविना हा इतिहास पुरा होत नाही. २५ मार्च १९११ रोजी ॲश बिल्डिंग या दहा मजली इमारतीत ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीच्या कारखान्यास आग लागली. कारखाना वरच्या तीन मजल्यांवर होता. १४६ कामगार मरण पावले. त्यांत १२३ स्त्रिया व मुली होत्या, बहुतेक इटालियन आणि ज्यू स्थलांतरित कुटुंबांतील. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने व आगीच्या उष्णतेने वाकून कोसळला. अग्निशामकांच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होत्या. आणि नवव्या मजल्यावरील दोन जिन्यांपैकी एका जिन्याचे दार कुलूपबंद होते.

ते दार बंद ठेवण्याचे कारण चोरीचे भय हे होते. सुटी झाल्यावर मुलींनी एकाच दाराने बाहेर पडावे, म्हणजे त्यांच्या पिशव्या तपासता येतील, अशी ती व्यवस्था होती. कामाच्या वेळेत दारे कुलूपबंद ठेवू नयेत हा कायदा तेव्हाही होता. मालकांवर खटला चालला. परंतु त्या वेळी दार बंद आहे हे मालकांना ठाऊक होते असे सिद्ध न झाल्याने ते निर्दोष सुटले. त्यानंतर न्यूयॉर्क राज्याने कारखाना चौकशी आयोग नेमला आणि पुढील काही वर्षांत कामगारांच्या सुरक्षिततेचे अनेक कायदे संमत झाले. १९१३ च्या जुलै महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी ज्या न्यूयॉर्क शहरात उतरले, ते शहर या कायदेबदलांतून जात होते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा. इमारतीस जिने होते, बाहेरचा लोखंडी जिनाही होता आणि कायदाही होता. दाराची किल्ली मात्र आतील माणसांच्या हाती नव्हती.

वसतिगृहांचा अनुभव

ट्रँगलच्या दारामागे जो विचार होता तोच विचार निवासी शाळांत वेगळ्या रूपाने आढळतो. येथे भय चोरीचे कमी आणि मुले रात्री बाहेर जातील याचे अधिक असते.

मार्च २००१ मध्ये केनियातील मचाकोस भागात क्यांगुली माध्यमिक शाळेच्या वसतिगृहास रात्री आग लागली आणि ६७ मुलगे मरण पावले. वसतिगृहाच्या दोन दारांपैकी एक कुलूपबंद होते व खिडक्यांना गज होते. २००८ साली केनियाच्या शिक्षण मंत्रालयाने शाळांसाठी सुरक्षा मानके प्रसिद्ध केली. शयनगृहाच्या दोन्ही टोकांस दार असावे, मध्यभागी आणखी एक आपत्कालीन दार असावे, दारे बाहेरच्या बाजूस उघडावीत, मुले आत असताना त्यांना बाहेरून कुलूप लावू नये आणि खिडक्यांना गज नसावेत, असे त्यांत स्पष्ट सांगितले आहे. एवढे होऊनही सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच देशातील न्येरी भागात एका शाळेच्या वसतिगृहास लागलेल्या आगीत २१ मुलगे दगावले.

मे २०२३ मध्ये दक्षिण अमेरिकेतील गयाना देशात माहदिया या गावी माध्यमिक शाळेच्या मुलींच्या वसतिगृहास आग लागली आणि २० मुले मरण पावली. दूरच्या पाड्यांवरून शिकावयास आलेल्या आदिवासी मुलींचे ते वसतिगृह होते. त्याही खिडक्यांना गज होते आणि रात्री दारांना कुलपे होती. आपल्या आश्रमशाळांची ओळख असलेल्या वाचकास हे चित्र परके वाटणार नाही.

आपल्या देशातील दोन घटना वसतिगृहांतील नसल्या तरी विद्यार्थ्यांच्याच आहेत. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणम येथील शाळेत स्वयंपाकाच्या जागेतून आग गवती छपरास लागली आणि ९४ बालके गेली. २४ मे २०१९ रोजी सुरत येथे एका व्यापारी इमारतीच्या वरच्या भागात चालणाऱ्या शिकवणी वर्गातील २२ विद्यार्थी दगावले. खाली उतरण्याची वाट उरली नाही म्हणून अनेकांनी वरून उड्या घेतल्या. ती दृश्ये पुष्कळांनी दूरचित्रवाणीवर पाहिली असतील. पाहून हळहळणे स्वाभाविक आहे. त्यानंतर आपल्या मुलांच्या इमारतीस जिने किती आहेत, हे किती जणांनी मोजले?

आपला कायदा काय सांगतो

राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ ने जीविताचा अधिकार दिला आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिका व महानगरपालिकांकडे सोपवावयाच्या कामांत अग्निशमन सेवेचा उल्लेख आहे. प्रत्यक्ष तपशील मात्र राज्यांच्या कायद्यांत व नियमांत आढळतो.

महाराष्ट्रात याविषयीचा मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. तो डिसेंबर २००८ पासून अमलात आला. या कायद्याने जबाबदारी प्रथम इमारतीच्या मालकावर व भोगवटादारावर टाकली आहे. आग लागल्यावर बंब येईल, ही नंतरची गोष्ट. आगीपूर्वीच जीवसंरक्षणाची व्यवस्था करणे आणि ती चालू स्थितीत ठेवणे हे ज्याच्या ताब्यात इमारत आहे त्याचे कर्तव्य आहे. कायद्याच्या अनुसूचीत इमारतींचे वर्ग दिले असून निवासी वर्गात सदनिका, निवासगृहे यांच्याबरोबर शयनगृहांचाही समावेश आहे. बसविलेली यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, सादर करावे लागते. त्रुटी आढळल्यास मुख्य अग्निशमन अधिकारी किंवा राज्याचे अग्निशमन संचालक नोटीस देऊ शकतात. धोका गंभीर असल्यास वीज व पाणी तोडण्यापर्यंतची, इमारत रिकामी करून मोहोरबंद करण्यापर्यंतची कारवाई होऊ शकते. कायदा मोडणाऱ्यास शिक्षेची तरतूदही आहे.

जिना कसा असावा, दार कसे असावे, हे तांत्रिक तपशील राष्ट्रीय इमारत संहितेत आहेत. भारतीय मानक ब्यूरोची ही संहिता प्रथम १९७० साली प्रसिद्ध झाली आणि २०१६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. तिचा चौथा भाग आग व जीवसुरक्षेविषयी आहे. संहिता स्वतः कायदा नाही. राज्याचा कायदा किंवा स्थानिक बांधकाम नियमावली तिचा स्वीकार करते तेव्हा तिच्या तरतुदी बंधनकारक होतात. मुंबई व इतर काही क्षेत्रे वगळता महाराष्ट्रात २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. नव्या बांधकामाची परवानगी घेताना तीतील अग्निसुरक्षेच्या अटी पाळाव्या लागतात.

नियम आणि त्यांमागील कारणे

संहितेतील नियम पाठ करण्यापेक्षा त्यांमागील कारणे समजून घेतल्यास ते ध्यानात राहतात.

पहिली बाब जिन्यांच्या संख्येची. १५ मीटर किंवा त्याहून उंच सर्व इमारतींना, आणि शैक्षणिक वापराच्या ज्या इमारतींचे प्रत्येक मजल्यावरील क्षेत्र ५०० चौरस मीटरांहून अधिक आहे त्यांना, किमान दोन जिने असावेत. हे जिने एकमेकांपासून दूर असावेत आणि त्यांपैकी किमान एक बाहेरच्या भिंतीलगत असून थेट मोकळ्या जागेत उतरावा. कारण असे की धूर वर चढतो. उघडा जिना आगीच्या वेळी धुराड्यासारखे काम करतो. तळमजल्यावरील धूर काही क्षणांत वरच्या मजल्यावर नेतो. आगीत पुष्कळ माणसे ज्वाळेपूर्वी धुरानेच गुदमरतात. दोन जिने शेजारी शेजारी असतील तर एकाच धुराने दोन्ही बंद होतील.

दुसरी बाब अंतराची. निवासी इमारतीत कोणत्याही ठिकाणापासून सुटकेच्या दारापर्यंत चालावयाचे अंतर पक्क्या बांधकामात सर्वसाधारणपणे ३० मीटरांहून अधिक नसावे. हे अंतर भिंतीतून सरळ रेषेने मोजावयाचे नाही, तर खाटांमधून, बोळातून माणूस जसा चालेल तसे मोजावयाचे. शयनगृहात दोन खाटा वाढविल्या की हा मार्ग लांबतो आणि अरुंदही होतो.

तिसरी बाब दाराची. सुटकेचे दार बाहेर पडण्याच्या दिशेने उघडावे आणि आतील माणसास ते किल्लीवाचून उघडता यावे. दार आत उघडणारे असेल तर घाबरलेल्या गर्दीचा रेटा दारावर येतो आणि मग ते कोणासच ओढून उघडता येत नाही. किल्लीचे कारण ट्रँगलच्या आगीने दिलेच आहे.

चौथी बाब बाहेरच्या जिन्याची. तो न जळणाऱ्या साहित्याचा असावा, थेट जमिनीपर्यंत यावा, आतल्या जिन्यापासून दूर असावा आणि त्यावर अडथळा नसावा. पायरीची रुंदी २५ सेंटिमीटरांहून कमी आणि उंची १९ सेंटिमीटरांहून अधिक नसावी. कठड्याची उंची किमान एक मीटर असावी. गोल वळणाचा लोखंडी जिना स्वस्त पडतो व जागा कमी घेतो, म्हणून तो लावण्याचा मोह होतो. परंतु ९ मीटरांपर्यंतच्या उंचीस आणि थोड्या माणसांसाठीच तो चालतो, आणि त्याचा व्यास दीड मीटरांहून कमी असू नये. वळणाच्या आतल्या बाजूस पायरी निमुळती होते. अंधारात एक मूल पडले की मागची सर्व मुले अडकतात. वसतिगृहास सरळ जिनाच हवा. शैक्षणिक इमारतीतील जिन्याची रुंदी दीड मीटर सांगितली आहे, ती दोन रांगा एकाच वेळी उतरू शकाव्यात म्हणून.

पाचवी बाब अशी की लिफ्ट हा सुटकेचा मार्ग मानला जात नाही. वीज गेली की लिफ्ट थांबते आणि तिची पोकळीही धुराने भरते. सहावी बाब, जिन्यात व जिन्याखाली सामान, गॅसची टाकी, जळाऊ पदार्थ किंवा उघड्या वीजवाहिन्या असू नयेत. मार्गावर वीज गेल्यावरही चालणारा दिवा असावा आणि बाहेर पडण्याची दिशा दाखविणारी खूण असावी.

येथे कोणी म्हणेल, आमचे वसतिगृह दोन मजली आहे, ते १५ मीटर उंच नाही, मग दुसऱ्या जिन्याची सक्ती कोठे आहे? कायद्याच्या शब्दांपुरता हा युक्तिवाद काही इमारतींस लागू पडेलही. परंतु दाराचे, अंतराचे आणि अडथळ्यांचे नियम उंचीवर अवलंबून नाहीत. क्यांगुली आणि माहदिया येथील वसतिगृहेही काही गगनचुंबी नव्हती. कायदा सांगतो ती किमान मर्यादा आहे. झोपलेल्या बालकांची संख्या, त्यांचे वय आणि बंब येण्यास लागणारा वेळ यांचा हिशेब आपणच केला पाहिजे. तालुक्याच्या गावाहून बंब येईपर्यंत आपल्या मुलांना स्वतःच्या पायांनी बाहेर पडावे लागेल, हे गृहीत धरूनच वसतिगृहाची आखणी झाली पाहिजे.

सुरक्षिततेचे दोन अर्थ

मुलींच्या वसतिगृहाविषयी पालक आम्हांस पहिला प्रश्न विचारतात तो असा : सर, रात्री दाराला कुलूप असते ना? हा प्रश्न आम्ही हलका मानत नाही. आपल्या वस्त्यांतील लेकींना शिकविण्यासाठी आईवडिलांनी समाजाचे टोमणे सोसले आहेत, भयही सोसले आहे. मुलगी परगावी सुरक्षित राहील या एका विश्वासावर ते तिला पाठवितात. त्या विश्वासास तडा जाता कामा नये.

परंतु बाहेरच्याने आत येऊ नये ही एक सुरक्षितता आणि आतल्याने बाहेर पडू शकावे ही दुसरी. कुलूप पहिली देते आणि दुसरी हिरावून घेते. दोन्ही एकत्र देता येतात, त्यासाठी व्यवस्था बदलावी लागते. कुलूप इमारतीच्या दारास न लावता आवाराच्या फाटकास लावावे. आवारात सर्व मुली इमारतीपासून दूर उभ्या राहू शकतील इतके मोकळे मैदान असले म्हणजे झाले. इमारतीच्या दारास आतून कडी असावी आणि ती सर्वांत लहान मुलीच्या हातास पोहोचावी व तिला उघडता यावी. दाबताच उघडणारा आडवा दांडा असलेली दारे आता बाजारात मिळतात. बाहेरून ती उघडत नाहीत आणि आतून एका धक्क्याने उघडतात. दार उघडताच घंटा वाजेल अशी सोय केली तर अधीक्षिकेस लगेच कळेल. खिडकीचे गज काढावयाचे नसतील तर प्रत्येक दालनात किमान एका खिडकीस आतून उघडणारी, बिजागरीची जाळी बसवावी व तिला कुलूप लावू नये. या कोणत्याही उपायाने मुली असुरक्षित होत नाहीत. कुलपाच्या जागी जागते माणूस ठेवावे लागते, इतकाच फरक पडतो. आणि त्या माणसाच्या वेतनाची तरतूद संस्थेने व समाजाने मिळून केली पाहिजे.

माजी विद्यार्थ्यांसही एक सूचना. आपल्यापैकी बरेच जण आता शहरात सदनिकांत राहतात. घरी गेल्यावर जिना वापरून तळमजल्यापर्यंत उतरून पाहावे. चपलांची कपाटे, सायकली, कुंड्या, जुने सोफे किती आडवे येतात ते मोजावे. गच्चीच्या दारास कुलूप असेल तर त्याची किल्ली कोणाकडे आहे, हे विचारावे. सोसायटीच्या सभेत रंगकामाचा विषय निघतो तसा जानेवारीच्या व जुलैच्या प्रमाणपत्राचा विषयही निघाला पाहिजे.

१४ एप्रिल

१४ एप्रिल हा दिवस आपल्या घराघरांत साजरा होतो. याच तारखेला, १९४४ साली, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर आग लागून प्रचंड स्फोट झाले आणि आग विझविण्यास गेलेले ६६ अग्निशामक कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो व पुढे आठवडाभर अग्निसुरक्षेचे कार्यक्रम होतात.

जयंतीच्या दिवशी आपल्या शाळेत रोषणाई असते, तात्पुरत्या वीजवाहिन्या ओढलेल्या असतात, पाहुण्यांची गर्दी असते. म्हणून आमची सूचना अशी की दरवर्षी त्या आठवड्यात एका रात्री वसतिगृह रिकामे करण्याचा सराव व्हावा. दुसरा सराव जुलैत, नवीन मुले आल्यावर व्हावा. दिवे बंद करून, घंटा वाजवून, सर्व मुले मैदानात येऊन हजेरी पूर्ण होईपर्यंत किती वेळ लागला, हे नोंदवहीत लिहून ठेवावे. धूर असल्यास वाकून, भिंतीच्या आधाराने चालावे. सामान घेण्यास मागे फिरू नये. मोठ्या मुलाने लहानाचा हात धरावा. एकाने १०१ किंवा ११२ वर कळवावे. एवढे चार धडे पाचवीतील मूलही शिकू शकते.

मजल्याआधी जिना

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नवीन मजला चढविला म्हणजे त्याच एका जिन्यावर आणखी मुलांचा भार येईल आणि त्यांना अधिक उंचीवरून उतरावे लागेल. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. जमलेल्या निधीतून पहिला खर्च इमारतीच्या दुसऱ्या टोकास, बाहेरच्या भिंतीलगत, सरळ व पक्का जिना बांधण्यावर व्हावा. तो पुढील मजल्यापर्यंत नेता येईल असा आधीच आखून घ्यावा. त्याबरोबरच जुनी दारे बाहेर उघडतील अशी फिरवून घ्यावीत आणि खिडक्यांच्या जाळ्या बदलाव्यात. अग्निशमन अधिकाऱ्यांकडून पाहणी करून घ्यावी. त्यानंतर मजल्याचे काम हाती घ्यावे.

यामुळे नवीन मजला कदाचित एक वर्ष लांबेल. त्या वर्षी काही पालकांना पुन्हा परत जावे लागेल आणि त्याचे दुःख आम्हांसही होईल. परत गेलेल्या मुलासाठी दुसऱ्या शाळेची, शिष्यवृत्तीची, एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या घरी राहण्याची काही तरी तजवीज आपण करू शकतो, आणि ती केली पाहिजे. बंद दारामागे सापडलेल्या मुलासाठी मात्र नंतर काहीही करता येत नाही.

देणगीदारांची एक स्वाभाविक इच्छा असते की आपले नाव सभागृहास, प्रवेशद्वारास किंवा खोलीस लागावे. इमारतीच्या मागील बाजूच्या जिन्यास नाव लावून घेण्यास फारसे कोणी पुढे येत नाही. तो जिना वर्षानुवर्षे वापरलाही जाणार नाही, आणि तसेच व्हावे अशी आपली इच्छा आहे. तरीही आपल्या देणगीतील पहिला रुपया त्या जिन्यास द्यावा, अशी माजी विद्यार्थ्यांस आमची विनंती आहे. पालकांनी पुढील भेटीत वसतिगृहाच्या दोन्ही टोकांपर्यंत चालत जावे, दारे उघडून पाहावीत आणि जे दार उघडणार नाही त्याविषयी आम्हां शिक्षकांस जाब विचारावा.